दोन बोटं आणि आरसा

मानसोपचार करणाऱ्या बाईंची दोन बोटं डावीकडून उजवीकडे जात होती, परत येत होती आणि आमच्या ह्यांची नजर त्यांच्यामागे फिरत होती. औषध नाही, सुई नाही. मला वाटलं होतं, झोपवून काहीतरी विचारतील. तसलं काही नव्हतं. बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "काका, सगळं सांगायची सक्ती नाही. तो क्षण मनात आणा आणि बोटांकडे बघा."

हे एसटीचे ड्रायव्हर. घाटात बससमोर मोटरसायकल आली, त्याला वर्ष झालं. तेव्हापासून रस्त्यावर कुणी ब्रेक मारला, की घरात खुर्चीत बसल्या बसल्या ह्यांचा उजवा पाय फरशी दाबायचा.

पहिल्या दिवशी ह्यांचा शर्ट घामाने भिजला, मध्येच थांबावं लागलं. आज पाचवी खेप. नजर तर आपण जन्मभर इकडून तिकडे फिरवतो. तिच्यात एवढं बळ असेल?

बोटं थांबली.

"डावा आरसा, उजवा आरसा," हे हळूच म्हणाले. "बाई, हे तर मी तीस वर्षं करतोय."

"आता काय दिसतंय?"

"तेच." ह्यांनी लांब श्वास सोडला. "पण काचेसमोर नाही. मागे राहिलंय. आरशात दिसतंय."