डिस्कमधला बिननावाचा कप्पा

आमच्या कॉम्प्युटर लॅबमधले सर आधी माणसाच्या हातांकडे बघायचे आणि मग, वाटलंच तर, तोंडाकडे. लॅबमध्ये पाऊल टाकलं की कोपऱ्यातल्या टेबलामागून आवाज यायचा, "मूठ उघडा, राजे." मुठीत बहुतेक वेळा काहीच नसायचं. पण रिकामी मूठ बघून त्यांचा संशय कमी होत नसे. "म्हणजे खिशात असणार," असं म्हणून ते पुन्हा आपल्या कामाला लागायचे.

तुमच्याही कॉलेजात असा एखादा लॅब असिस्टंट असेल, म्हणून मी फार रंगवून सांगत नाही. आमचे सर जुन्या पुण्यातले, निवृत्तीला आलेले. मुलं पेन ड्राइव्हमधून व्हायरस आणतात आणि जाताना दुसऱ्याचं प्रोजेक्ट घेऊन जातात, हे त्यांचं ठाम मत. माउस चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांनी प्रत्येकाची वायर सुतळीने टेबलाच्या पायाला बांधली होती. एक प्राध्यापक त्यावर हसले, तर त्यांच्या लॅपटॉपकडे बोट दाखवून सर म्हणाले, "आपलाही बांधू का?"

परीक्षेच्या आधी ते लॅबमधल्या सगळ्या मशीन पुसून त्यांवर विंडोज नव्याने टाकायचे. एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. सी मध्ये विंडोज, डी मध्ये आमच्या फाइली. फॉरमॅट म्हणजे सी पुसतात, डी ला कोणी हात लावत नाही, अशी आम्हा मुलांची समजूत. माझ्याकडे लॅपटॉप नव्हता. शेवटच्या वर्षाचं माझं सगळं प्रोजेक्ट खिडकीजवळच्या मशीनच्या डी मध्ये होतं. डी सुद्धा पुसणार, फाइली काढून घ्या, अशी सूचना सरांनी फळ्यावर लिहिली त्या आठवड्यात मी तापाने धायरीला घरी पडून होतो.

परत आलो तेव्हा मशीन नवी नवरी झाली होती. डी होता, पण कोरा. मी तो पुन्हा पुन्हा उघडून बघितला, जणू माझ्या बघण्याने काही उगवेल. मेलवर एक प्रत होती, ती जुनी आणि अर्धवट. तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. नापास झालो तर घरी काय सांगायचं, हा एकच विचार डोक्यात होता. आमच्या घरात डिस्क म्हणजे काय हे समजावण्यापासून सुरुवात करावी लागली असती.

सर मागे येऊन उभे राहिले. "काय शोधतोय?"

मी चाचरत सांगितलं. त्यांनी मला उठवलं, स्वतः बसले आणि डिस्कचा नकाशा उघडला. सी ची पट्टी, डी ची पट्टी आणि अगदी शेवटी एक लहानशी पट्टी, तिला अक्षरच नव्हतं. अक्षर नसलं की तो कप्पा एरवी कुणाला दिसत नाही. पुसण्याआधी मशीनवर जे बेवारशी सापडेल ते सगळं सर तिथे उचलून ठेवत. मायेने नव्हे, तर पुरावा म्हणून. उद्या कुणी उचलेगिरी केलेली निघाली, तर दाखवायला असावं.

त्यांनी कप्पा उघडला. माझ्या फोल्डरचं नाव मला दिसलं आणि जीवात जीव आला. मी हात पुढे केला, तोच त्यांनी स्क्रीन स्वतःकडे वळवली.

"घरी कोण आहे कॉम्प्युटरवालं?"

"कोणी नाही सर. वडील शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात."

"मग हे कुठून उचललं?"

मला फार लागलं ते. माझ्यासारख्याकडून हे होणार नाही असं मला स्वतःलाही कधीकधी वाटायचं, म्हणून जास्तच लागलं असेल.

"आत काय आहे ते न बघता सांग," ते म्हणाले. "बसमध्ये पाकीट सापडलं तर कंडक्टर काय विचारतो?"

मी सांगितलं की वडिलांच्या व्हॅनने कोणत्या गल्लीतून आधी जावं म्हणजे कमी फिरावं लागेल, हे काढणारा तो प्रोग्राम आहे. ते म्हणाले, हे तर पहिल्या पानावर लिहिलंय, कुणीही सांगेल. मी थोडं आणखी सांगितलं. त्यांचं समाधान होईना.

"खोट सांग. वस्तूतली खोट मालकालाच माहीत असते. चोर फक्त गुण सांगतो."

मी खाली बघून सांगितलं की एखादं मूल गैरहजर असलं की माझा हिशेब अडकतो, पुढच्या सगळ्या वेळा चुकतात. मला ते सोडवता आलं नाही. म्हणून त्या रिकाम्या जागी बसवायला मी एक खोटंच मूल ठेवलंय, घर नसलेलं.

"नाव?"

"बाळू."

ते बराच वेळ स्क्रीनवर शोधत राहिले. "आहे बाळू," शेवटी म्हणाले, आणि उठून मला खुर्ची दिली. जाता जाता म्हणाले, "हे परीक्षेत आधीच सांग. त्यांना सापडायची वाट बघू नकोस."

मी तसंच केलं. परीक्षकांनी बाळूबद्दलच सगळ्यात जास्त विचारलं आणि ते सांगताना मी पहिल्यांदा अडखळलो नाही.

हे सांगायला गेलो, तर सर म्हणाले, "आता माझ्याकडची प्रत स्वतःच्या हाताने पूस. उद्या ती दुसऱ्याच्या नावावर दिसली तर तुझा पहिला संशय माझ्यावर यायला हवा." मी म्हटलं, राहू द्या सर, तुमच्याकडे असू दे.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझ्या मुठीत खरंच काही सापडलं होतं. "माझ्यावर विश्वास ठेवतोस? चार वर्षं शिकून एवढंच शिकलास?"

पण पुसलं नाही त्यांनी.

निकाल घेऊन गेलो तेव्हा त्यांच्या टेबलामागे एक तरुण मुलगा बसला होता. सर निवृत्त झाले होते. जायच्या आधी त्यांनी कितीतरी मुलांना फोन करून बोलावलं, खोदून खोदून विचारलं आणि ज्याचं त्याला देऊन बाकी सगळं साफ केलं, असं तो हसत सांगत होता. खिडकीजवळच्या मशीनचा नकाशा त्याच्यासमोर उघडा होता. शेवटची लहान पट्टी अजून होती आणि तिच्यात एकच फोल्डर होतं.

"हे कोणाचं राहिलंय काय माहीत," तो म्हणाला.

"माझं आहे," मी म्हटलं.

"उडवू ना?"

मी होकारार्थी मान हलवली. मी कोण, आत काय आहे, त्याने काहीच विचारलं नाही. त्याने माझ्यावर लगेच विश्वास ठेवला आणि बटण दाबलं.