वंदनाताईंनी स्लाइड्स जाळल्या नव्हत्या

वंदनाताई काल गेल्या, आणि ज्यांनी त्यांचं करिअर संपवलं त्या सरांनी सगळ्यात आधी श्रद्धांजली लिहिली.

"हसतमुख, गुणी सहकारी." पोस्टखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

गुणी होत्या हे कळलं तरी. उशिरा का होईना.

नव्वदच्या दशकाचा शेवट. पुण्यात जो तो कॉम्प्युटर क्लासला पळत होता आणि आम्ही दोघी लॅबमध्ये माती गाळत होतो.
तेल शोधणाऱ्या खाजगी कंपन्या नुकत्याच आल्या होत्या. त्यांचा प्रश्न एकच, जमिनीखालचा खडक तेल तयार होण्याइतका तापलाय का?

ते खडकातल्या मातीवरून कळतं. त्यात स्मेक्टाइट हे मातीतलं खनिज जास्त असेल तर खडक कच्चा. खोल गाडला जाऊन लाखो वर्षं तापला, की त्याच स्मेक्टाइटचं इलाइट होतं.
ताई ती माती काचेवर पसरायच्या, आपोआप वाळू द्यायच्या, मग एक्स-रे. भट्टीत तापवणं अगदी शेवटी, पडताळणीपुरतं.

सरांना सोमवारी रिपोर्ट द्यायचा होता. त्यांनी ओल्या स्लाइड्स थेट भट्टीत घातल्या.

"सर, अशानं स्मेक्टाइट दबून इलाइटसारखं दिसेल. आपण खडक नाही, भट्टी मोजतोय."

"वंदनाबाई, खडकाला घाई नसेल. मला आहे."

रिपोर्ट गेला, खडक उत्तम तापलेला. कंपनीनं विहीर खणली. कोरडी निघाली.

चौकशीत सर म्हणाले, "स्लाइड्स बाईंनी केल्या. त्यांचं लक्ष घरी असतं."

मी उठून खरं काय ते सांगितलं.
"तुम्हाला कुणी विचारलं?" एवढंच उत्तर मिळालं.

ताईंनी राजीनामा दिला. सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकल्या, वारज्यात फ्लॅट घेतला, दुसऱ्यांच्या चुका शोधून उत्तम संसार केला.
पण लॅबचा विषय निघाला की चहा टाकायला म्हणून उठून जायच्या. मला राग त्याचा आहे. इतक्या वर्षांत तो तसूभर कमी झालेला नाही.

सर, आपल्याला मुद्दाम टॅग केलंय. आपल्या विद्यार्थ्यांनाही. भट्टी कुणी लावली ते त्यांनाही कळू दे.

रविवारी शोकसभा आहे. अध्यक्ष आपण.
म्हणजे समारोप आपलाच, तोवर उठता येणार नाही.

आपल्या आधी मी बोलणार आहे.

ताई, या तुम्ही. इथलं मी बघते.