फुग्यातलं आकाश

आमचं तारांगण म्हणजे एक भलामोठा काळा फुगा. पंखा लावला की तो फुगतो, मुलं रांगत आत शिरतात आणि मधोमध ठेवलेल्या प्रोजेक्टरमधून वर तारे उमटतात. कार्यक्रम संपला की घडी घालून टेम्पोत टाकायचा. घडी घालताना आत दरवेळी काहीतरी सापडतंच. हेअरक्लिप, अर्धी खाल्लेली चिंच, एकदा तर एकच चप्पल! किस्सेही तसेच जमत गेले. मुद्दाम कुणी गोळा केले नाहीत.

आम्ही तिघं. मी कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेली. केतकी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिथेच जवळ माण गावात खोली घेऊन राहते. आणि शेखभाई. पौडच्या बाजारात त्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. टेम्पो त्यांचा, पंखा त्यांचा आणि फुगा फाटला तर शिवणारेही तेच. शनिवार आला की मुळशी तालुक्यातल्या कुठल्या तरी शाळेत आम्ही हजर!

*

एकदा सकाळी महाळुंग्याच्या एका सोसायटीत शो होता. तारे लागले तसा एक मुलगा म्हणाला, "आंटी, थोडे कमी करा ना. रिअलमध्ये इतके स्टार्स नसतात!"

मी दिव्यांचा झगमगाट, धूळ वगैरे समजावून सांगितलं. त्याची आई म्हणाली, "तरी पण मॅडम, जरा ओव्हरच वाटतंय."

दुपारी तोच फुगा, तेच आकाश, माले गावाच्या पलीकडे, डोंगरातल्या एका वाडीच्या शाळेत. मुलं वर बघत गप्प बसून राहिली. मला वाटलं, भारावली बिचारी! मग अंधारातून एका मुलीचा आवाज आला,

"बाई, बाकीचं कवा लावणार?"

*

दुसऱ्या एका शाळेत शो ऐन रंगात आला आणि लाईट गेली. प्रोजेक्टर बंद, पंखा बंद. आत मिट्ट काळोख, आणि फुगा हळूहळू खाली यायला लागला. आत पोरं गच्च भरलेली.  फुगा पडून कुणाला काही लागत नाही, पण पोरं एकदम दाराकडे पळाली तर?

बाहेरून शेखभाई ओरडले, "घाबरू नका! आकाश हळूच खाली येतंय! हात वर करा आणि धरून ठेवा!"

सगळ्यांनी हात वर केले. छत तिथेच थांबलं. लहानगी आधी रांगत बाहेर गेली, मग मधली, मग मोठी. शेवटी मी आणि सहावीतली एक उंच मुलगी उरलो. मी म्हटलं, "तू जा आधी."

"न्हाई बाई, तुमी जावा. मी सोडलं तर ध्रुवतारा तुमच्या डोक्यावर पडंल!"

*

प्लूटोचा किस्सा छोटासाच आहे. केतकीने आठ ग्रह दाखवले. मागे बसलेले एक वयस्कर गुरुजी म्हणाले, "आमच्या वेळी नऊ होते. एक कुठं गेला?"

केतकी उत्तर जुळवत होती, तेवढ्यात चौथीतला एक जण म्हणाला, "गुर्जी, त्याचा दाखला काढला."

गुरुजींना ते एकदम पटलं!

*

सूर्यमाला मैदानावर मांडायचा एक खेळ आम्ही घेतो. भोपळा म्हणजे सूर्य. पृथ्वी म्हणजे मिऱ्याचा दाणा. मग त्याच मापाने अंतरं मोजत मुलांना उभं करायचं. बुध, शुक्र, पृथ्वी मैदानातच मावतात. गुरू फाटकाबाहेर जातो. नेपच्यून तर पार अर्ध्या किलोमीटरच्याही पलीकडे, ओढा ओलांडून.

एका शाळेत नेपच्यून म्हणून पाचवीतली एक मुलगी हरभऱ्याचा दाणा घेऊन गेली. केतकी सोबत होती, ती तिला उभं करून परत आली. खेळ संपला, शिट्टी वाजली, एकेक ग्रह परत आला. नेपच्यून येईना! आम्ही आधी चालत, मग पळत निघालो. ओढ्यापलीकडे कुणीच नाही. केतकी रडायच्या बेतात.

तेवढ्यात जवळच्या घरातून हाक आली. पोरगी ओट्यावर बसून पिठलं-भाकरी खात होती. म्हटलं, "अगं, जागा सोडून आलीस कशी?"

"जागा कुटं सोडली? नेपच्यूनलाच घर हाय आमचं!"

हरभऱ्याचा दाणा मात्र तिने भाकरीबरोबर खाऊन टाकला होता.

*

केतकीच्या घरमालकांची सगळी जमीन गेली आणि तिथे भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. त्यांच्या नातवंडांना ती एका संध्याकाळी गच्चीवर दुर्बिणीतून चंद्र दाखवत होती. पोरांचं झाल्यावर आजीही वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. केतकी वाट बघत होती की आता काय म्हणतील.

आजी सरळ झाल्या. "एवढी मोकळी जागा," त्या हळहळल्या, "आन् एकानंबी खोली काढली न्हाई!"

*

आणि चंद्रावर आपलं यान उतरलं त्या संध्याकाळची गोष्ट.

शनिवार नव्हता, तरी आम्ही मालेपलीकडच्या त्याच वाडीत होतो. बाहेर धो धो पाऊस. वर्गात मुलं, आईबाप, गुरुजी, सगळे लॅपटॉपपुढे दाटीने बसलेले. ही शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर पौडला जावं लागतं. सातवीत कोमल नावाची एक हुशार मुलगी होती. तिच्या वडिलांनी, दत्ताने, गुरुजींना सांगून टाकलं होतं, "सातवी झाली की बास. यष्टीचा भरवसा न्हाई. पोरीला एकटी कशी धाडू?" गुरुजींनी मला आधीच विनवलं होतं, "मॅडम, आज दोन शब्द बोला त्याच्याशी." मी चांगलं भाषण तयार करून आले होते.

यान खाली यायला लागलं आणि नेट गेलं. पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. मुलांचे चेहरे बघवेनात.

शेखभाईंनी घरी फोन लावला. तो लागला! फोन स्पीकरवर टाकून त्यांनी टेबलावर ठेवला. "अगं, टीव्हीवर काय दिसतंय ते सांगत राहा. पन्नास जणं ऐकतायत."

त्यांच्या बायकोचा, नसीमभाभींचा आवाज वर्गात घुमला. "थांबा, जवळ बसते. एक रेघ आहे, ती खाली चाललीय. सगळे नुसते बघतायत, कुणी बोलत नाही. एक जण हात जोडून बसलाय... अजून खाली... अजून... अगं बाई! उठले! सगळे उठले! टाळ्या वाजवतायत! उतरलं हो, उतरलं!"

वर्गात जो कल्ला झाला! गुरुजींनी चक्क उडी मारली. पण भाभींचं चालूच होतं. "आणि बायका किती आहेत तिथं! साड्या नेसलेल्या, गळ्यात कार्ड, समोर कॉम्प्युटर. एकमेकींना मिठ्या मारतायत!"

कोमल उठून टेबलापाशी आली. फोनवर वाकून म्हणाली, "काकू, त्या बाया कामाला कशानं जात्यात?"

"कशानं म्हणजे?" भाभींनी क्षणभरही विचार केला नाही. "बसनं!"

 दत्ता दारात उभा होता. तो बाहेर पावसाकडे बघत राहिला. माझं भाषण पर्समध्येच राहिलं.

पुढच्या जूनमध्ये एका सकाळी आम्ही तिघं टेम्पोतून पौडकडे येत होतो. वाडीच्या फाट्यावर दत्ता उभा, खांद्यावर दप्तर. शेजारी नव्या युनिफॉर्ममध्ये कोमल. शेखभाईंनी ब्रेक मारला. "या, बसा! पौडलाच चाललोय."

दत्ता पुढे झाला. कोमलने त्याचा हात धरून त्याला मागे ओढलं.

"नको काका," ती म्हणाली. "मी बसनंच जाणार."