गिरजेच्या घाटावर पांढरं पाणी

"नदीचं पाणी तपासायला सरकारी मॅडम येऊन राह्यल्या. तू ये, अन् तुझ्या त्या ब्लॉगावर लिही," असा मामांचा फोन आला आणि मी बॅग भरली. जालन्याला कोणी फिरायला जातं का, असं मैत्रिणीनं विचारलं. जातं बाई, मी गेले.

सकाळी जालना स्टेशनवर उतरलात तर बाहेरच पोहे खाऊन घ्या, पुढे धड काही मिळत नाही. नवीन जालन्यातून रिक्षानं बसस्टँड गाठायचं आणि राजूरमार्गे हसनाबादची एसटी पकडायची. तिकीट किरकोळ आहे, पण मागच्या सीटवर बसू नका. मी बसले आणि कंबर धरली. हसनाबादला मामा मोटारसायकल घेऊन उभे होते. तिथून त्यांचं गाव जवळच आहे, गिरजा नदीच्या काठावर.

दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या. दहाव्याला पुरुष मंडळींनी नदीत बुडी मारायची रीत. पण पाण्याला इतका वास होता की घाटावर बोअरच्या बादल्या आणून अंघोळी उरकल्या. "बादलीनं वाटं लावलं तिला," मामा अजून म्हणतात. तेव्हापासून ते आणि घाटाजवळच्या बायका एकाच मागणीसाठी कचेऱ्या झिजवत होते: हा घाट सरकारनं अंघोळीचा घाट म्हणून नोंदवावा. तशी नोंद झाली की पाणी नियमानं तपासलं जातं आणि खराब निघालं तर नदीत सोडलेली गटारं बंद करावी लागतात. पण नोंदीसाठी घाण आधी सरकारच्या बाटलीत जायला हवी होती. ते दुसऱ्या दिवशी होणार होतं. रात्री मामांच्या सूनबाईंनी येसरची आमटी आणि ज्वारीची भाकरी वाढली. मामा मात्र दोन घास खाऊन उठले.

सकाळी घाटावर गेले तर पायऱ्या धुतलेल्या, रांगोळ्या काढलेल्या. आणि नाकात झिणझिण्या आणणारा वास. काठालगतचं साचलेलं पाणी दुधाळ दिसत होतं.

जीपमधून उतरलेल्या मॅडमनी बाटलीचं झाकण उघडलं, वाकून पाण्याचा वास घेतला आणि झाकण परत लावलं. "यात पावडर टाकलीय. हा नमुना चालणार नाही."

"मंग उद्या घ्या," एक बाई म्हणाली.

"पुढच्या फेरीला बघू. कधी, ते मी सांगू शकत नाही."

जीप निघून गेली. जंतू मारायला विहिरीत टाकतात त्या टीसीएल पावडरच्या रिकाम्या गोण्या पायरीखाली पडल्या होत्या.

"मामा, हे कोणी केलं?"

"मीच. पहाटं आल्तो. पोरीला बघायला पाव्हणे येणार म्हणल्यावर घर झाडत न्हाई का आपण?"

माझा संताप झाला. "अहो, घाणच तर दाखवायची होती! तुम्हीच तर सगळ्यांना समजावत होतात!"

"सांगत व्हतो, बराबर हाये. पण आपलीच नदी घाण म्हणून परक्या माणसाम्होरं कशी धरू गं, माय?"

मामांनी सदरा काढून माझ्या हातात दिला आणि ते धोतरासकट पाण्यात उतरले. बायका नको नको म्हणत राहिल्या. नाक धरून त्यांनी तीनदा बुडी मारली. "तुझ्या मामीचं राह्यल्तं," वर येऊन एवढंच म्हणाले.

परतीच्या एसटीत पुढची सीट मिळाली, तरी प्रवास सरता सरेना. घरी आल्यावर ओढणी दोनदा धुतली, वास गेला नाही. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. गाव चांगलं आहे, माणसं जेवल्याशिवाय सोडत नाहीत. पण पाण्यात उतरू नका.

परवा मामांचा फोन आला होता. अंगभर फोड आलेत. मी म्हटलं, नदीच्या पाण्यानं आले असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, पुढच्या वेळी मॅडमना दाखवता येईल.

"इचारलं मी," मामा म्हणाले. "नदीनं आले का पावडरीनं, सांगता येत न्हाई म्हणतो."