सैल पट्टा

माझा रेकॉर्ड प्लेअर उघडून दुरुस्तीवाल्या नानांनी आतला रबरी पट्टा बोटावर धरला. तो सैल होऊन लोंबत होता.

"मास्तर, आता थेट मोटरवर फिरणारा प्लेअर घ्या. बटण दाबलं की वेग पकडतो. पट्ट्याचे लाड कुठवर?"

"पट्टा मोटरची घरघर सुईपर्यंत पोचू देत नाही."

"खरंय. पण सैल पडला की तबकडी हळू फिरते, गाण्याचा सूर उतरतो. इतकी वर्षं कळलं नाही तुम्हाला?"

त्यांनी नवा पट्टा चढवला. ओळखीचं गाणं अर्धा सूर चढून, लगबगीने सुरू झालं. ते आता बरोबर होतं. पण सुमन, माझी पत्नी, कणीक मळताना त्याच्या मागे गुणगुणायची, तो सूर हा नव्हता. ती गेल्यापासून मी रेकॉर्ड लावायचो ते त्या गाण्याखाली तिचा आवाज ऐकण्यासाठीच. या गाण्यात तिला जागाच नव्हती. सोबतीचं माणूस ज्या लयीत जगलं, तीच लय आपल्याला खरी वाटत राहते.

"नाना, जुना पट्टा आहे ना?"

त्यांनी तो उचलून शर्टाला पुसला. "पुन्हा चुकीचंच वाजेल हं."

"वाजू दे," मी म्हणालो. "तिला आता नवा सूर कोण शिकवणार?"