न ढकलता येणारी गाडी

आमच्या भागात गाडी घ्यायचा एक नियम आहे. शेजाऱ्याकडं जी आहे तीच घ्यायची. रंगसुद्धा शक्यतो पांढराच. यात कुणाला कमीपणा वाटत नाही. त्या गाडीचा मिस्त्री गावातच असतो, सामान बारामतीत मिळतं, आणि विकायला काढली तर चहा संपायच्या आत गिऱ्हाईक येतं. काटेवाडीला माझी रोपवाटिका आहे. उसाची आणि भाजीपाल्याची रोपं विकताना मी स्वतःच लोकांना सांगते की शेजारच्या रानात जे टिकलंय तेच लावा. तरीही मी जुनी फ्रेंच गाडी घेतली.

नवरा जाऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. मुलगी बंगळूरला नोकरीला. रोपवाटिकेचा टेम्पो होता, पण तो ड्रायव्हरच्या हातात असायचा आणि त्यात कायम रोपांच्या ओल्या ट्रेंचा वास. मला माझ्यापुरती एक गाडी हवी होती. बारामतीत जुन्या गाड्यांच्या आवारात पांढऱ्यांच्या रांगेत ही एकटी वांग्याच्या रंगाची उभी होती. दार लावलं तर कणगीचं झाकण पडल्यासारखा जाड, बंद आवाज. वर काचेचं छप्पर. सीट अशी की माझी दुखरी कंबर पहिल्यांदाच गप्प बसली. गाडीला किल्ली नव्हती, एक जाडसर कार्ड होतं. ते खिशात ठेवायचं आणि बटण दाबायचं. हँडब्रेकचा दांडाही नव्हता. गाडी बंद केली की ब्रेक आपोआप लागायचा.

"ताई, ही शौकिनाची गाडी हाय," विकणारा म्हणाला.

"दुरुस्त कोण करतं?"

"पुण्यात हाय की एक जण."

मी त्यातलं "पुण्यात" ऐकलं. "एक जण" ऐकायला हवं होतं.

तिची चूक काढावी असं पहिले काही महिने काही घडलं नाही. रविवारी सकाळी निघायचे, इंदापूरवरून नरसिंहपूरला जायचे. मी फार देवाची नाही. भीमा आणि नीरा मिळतात तिथं पायऱ्यांवर अर्धा तास बसायचं आणि परत यायचं, एवढंच. खड्ड्यातून जातानासुद्धा गाडी अंग चोरायची नाही, बोटीसारखी वर येऊन हळूच खाली बसायची. आत बाहेरचा आवाज नाही. कुणाशी बोलायचं नसेल तर यापेक्षा चांगली जागा नाही.

मग एकेक सुरू झालं. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला, त्याचा अर्थ पुस्तकातही धड नव्हता. खिडकीची काच खाली गेली ती वर येईना. पाऊस नसताना वायपर चालायचे. बारामतीच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, पाहुणा झोपलेल्या खोलीत डोकावल्यासारखं बघितलं, आणि हळूच लावून टाकलं.

"ताई, ही आजारी न्हाय, रुसलीया. रुसव्याला पाना चालत न्हाय."

पुण्याचा एक जण फोनवर सांगायचा की स्कॅनर लावल्याशिवाय बोलता येणार नाही. स्कॅनर लावल्यावर सांगायचा की पार्ट दिल्लीहून मागवावा लागेल. तो यायचा तोवर दुसरं काहीतरी जायचं.

माझा दीर, आमच्या शेजारीच राहतो, दर वेळी एकच बोलायचा. "वहिनी, इकून टाका. घरात दोन गाड्या हायत. कुठं जायचं तितं सोडतो की तुमाला."

तो मनापासून बोलायचा. पण त्याच्या गाडीत मागं बसायचं, म्हणजे कुठं आणि कशाला हे आधी सांगायचं, आणि नरसिंहपूरच्या पायऱ्यांवर अर्धा तास काय करता याचं उत्तर द्यायचं. गाडी गेली की माझा रविवार गेला, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्यामुळं मी प्रत्येक दिव्यावर पैसे घालत राहिले.

एक गोष्ट मात्र माझ्या उशिरा लक्षात आली. आमच्याकडं गाडी एका घराची नसते. नवरा होता तेव्हा आमची जीप भावकीत फिरायची. पोरगी बघायला, दवाखान्याला, वऱ्हाडाला. परत यायची तेव्हा सीटच्या फटीत अक्षता, चुरमुरे, कुणाचा तरी रुमाल. मी चिडून झाडायचे. ही गाडी कुणी मागितलीच नाही. किल्ली नाही, दांडा नाही, उगाच काही झालं तर काय घ्या, असं लोकांना वाटायचं. मला आधी बरंच वाटलं. मग एकदा धुताना दिसलं की मागच्या सीटवर कंपनीची घडी अजून मोडलेली नाही.

थंडीत अंथुर्ण्याच्या एका शेतकऱ्यानं तक्रार केली की रोपं पिवळी पडतायत. बघायला गेले. पाणी जास्त झालं होतं, ते सांगून निघाले, तर गावातल्या अरुंद रस्त्यावर गाडी बंद पडली. सगळे दिवे एकदम गेले आणि ब्रेक आपोआप लागला. मागं उसाच्या ट्रॉल्या थांबल्या. गाळपाचे दिवस, कुणाला थांबायला वेळ नाही.

ट्रॅक्टरवाले उतरले. अशा वेळी आमच्याकडं कुणी काही विचारत नाही, खांदा लावतात. सातआठ जणांनी जोर केला. गाडी जागची हलली नाही.

"हँडब्रेक काढा की ताई."

"बटणावर आहे. बॅटरी गेलीय."

"म्हंजी माणसानं ढकलायची सोयच न्हाय?"

"ट्रॅक्टरची बॅटरी लावू," दुसरा म्हणाला. पण पुण्याच्या माणसानं बजावलं होतं, बाहेरची बॅटरी लावली तर आतला कॉम्प्युटर जाईल. मी नको म्हणाले.

समोरच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारे आबा बसले होते. "बैल बी एवढा अडत न्हाय," ते म्हणाले. "त्याच्या शेपटाला तरी हात घालता येतो."

लोक हसले. मग हसणं संपलं आणि सगळे नुसते माझ्याकडं बघत उभे राहिले. मदत करायला आलेल्या माणसांना करण्यासारखं काहीच नसणं, हे मला गाडी बंद पडण्यापेक्षा जास्त लागलं.

पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, डिकीत गालिच्याखाली एक तार आहे, ती ओढली की ब्रेक सुटतो.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"मॅडम, कधी कुणी ढकलायला आलं नव्हतं ना."

डिकीही बटणावरच उघडायची. म्हणून मागची सीट पाडली आणि सगळ्या गावादेखत आतून रांगत गेले. तार सापडली, ओढली. खालून खट्ट आवाज आला. बाहेरच्यांनी खांदा लावला आणि गाडी इतकी अलगद निघाली की एक जण पडता पडता वाचला. आबांच्या अंगणात कडुनिंबाखाली नेऊन लावली. कुणीतरी दिराला कळवलं होतंच. तो येऊन मला घेऊन गेला. घर आल्यावर म्हणाला, "गिऱ्हाईक बघू का?"

"बघा," मी म्हणाले.

बॅटरी भरणारा भाग दिल्लीहून यायला बरेच दिवस गेले. त्या काळात मी दिराच्या गाडीतून बँकेत गेले, एका लग्नाला गेले. रविवारी घरीच बसले. कुणी त्रास दिला नाही. एका रविवारी दुपारी मुलीचा फोन आला, गाडी विकतेय म्हणाले, तर ती म्हणाली, बरं झालं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी कुणाशीही बोलले नाही, आणि त्या दिवशी ते गाडीतल्यासारखं सुखाचं नव्हतं.

पुण्याचा माणूस भाग घेऊन अंथुर्ण्याला आला, तेव्हा मी एसटीनं गेले. गाडीखाली कोंबड्या बसल्या होत्या. मागचं दार उघडं, आणि आत आबांच्या मालकीणबाई पाय वर घेऊन शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून त्या गडबडल्या नाहीत.

"दाराला कुलूप नव्हतं. म्हणलं बसावं जरा. लई मऊ हाय ओ हे."

"रोज बसता?"

"दुपारचं. पोरं कारखान्यावर, ह्यांना ऐकू कमी येतं. हितं कसं, वारा लागत न्हाय."

भाग बसला, गाडी सुरू झाली. मी म्हटलं, "मावशी, चला, नरसिंहपूरला जाऊन येऊ."

त्यांनी खरंच विचार केला. मग पदरातली टरफलं झटकत खाली उतरल्या. "नगं. म्हशीची येळ झाली."

मी एकटीच परतले. सीटच्या शिवणीत टरफलं अडकली होती, ती तशीच राहू दिली. दिरानं गिऱ्हाईक आणलं होतं, त्याला चहा पाजून परत पाठवलं. गाडी पुन्हा अडणार हे मला माहीत आहे. म्हणून डिकीचा गालिचा कापून तार वर काढून घेतली आणि मागच्या सीटच्या पाठीवर रोपांच्या ट्रेवर लावतो तसली मोठी चिठ्ठी चिकटवली: आधी ही तार ओढा, मग ढकला.

गाडीबरोबर मिळालेलं दुसरं कार्ड दोरी ओवून दिराला नेऊन दिलं. कशी चालवायची तेही अंगणात फिरवून दाखवलं. म्हटलं, भावकीत कुणाला लागली तर न विचारता न्या. त्यानं कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि त्याच्या दाराजवळच्या खुंटीला अडकवलं.

अजून ते तिथंच आहे. रविवारी निघताना मी त्याच्या दारात गाडी जरा हळू करते.