मला न विचारता बदललेली अक्षरं

वाशीमला कोर्टाच्या मागच्या गल्लीत आम्ही राहत होतो. मी मॅट्रिक झाले तेव्हा वडिलांनी एका वकिलांकडून जुनी मराठी टाईपरायटर मशीन विकत आणून दिली. तिच्यावरच मी शिकले. वकील अर्ज, प्रतिज्ञापत्रं पाठवत आणि मी घरी टाईप करून देत असे. बटनांकडे बघायची गरज उरली नव्हती.

मग नव्या पद्धतीचा कीबोर्ड आला. सरकारी कचेऱ्यांतल्या मशिनींवर अक्षरांच्या जागाच बदलल्या. सरकारी नोकरीसाठीची टायपिंगची परीक्षाही त्याच्यावरच होणार होती. मशिनी दुरुस्त करणारा अकोल्याचा मिस्त्री म्हणाला, नवी मशीन घेऊ नका, याच मशीनची अक्षरं काढून नव्या जागी बसवून देतो. फक्त एकदा बदललं की जुनं परत येणार नाही. मी विचार करून सांगते म्हटलं. नोकरी हवी तर बदल करायलाच हवा होता. पण बसलेला हात मोडणार, हातातलं काम जाणार. लवकर बदलून घे म्हणून थोरला भाऊ रोज जेवताना टोचायचा. त्याला स्वतःचं नावही टाईप करता येत नव्हतं.

त्या दिवसांत मावसबहिणीच्या लग्नाला मी अनसिंगला गेले. परत आले आणि सकाळी एका वकिलांचा अर्ज घेऊन बसले. पहिली ओळ सवयीने मारली, वर पाहिलं, तर कागदावर वाचता येईल असा एकही शब्द नव्हता. माझ्या मागे भावाने मिस्त्रीला बोलावून अक्षरं बदलून घेतली होती.

"कोनाले इचारून केलं?" मी विचारलं.

"तुह्याच भल्यासाठी केलं. तू कवा ठरवनार होती?"

"मशीन माही, हात माहे. ठरवाचं मले होतं."

"घरात मोठा मी आहो," तो म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

वडील झालं ते झालं म्हणाले. त्याचा मला जास्त राग आला. मशीन माझ्या हाती देणारे तेच होते.

वकिलांचा कागद मी तसाच परत केला. पुढे कित्येक महिने एकेक अक्षर शोधत बसले. बोटं जुन्या जागी जात आणि प्रत्येक चुकीला मी भावाला मनातल्या मनात शिव्या देई. त्याच्याशी बोलणं सोडलं. शेवटी परीक्षा पास झाले, मानोऱ्याच्या एका कचेरीत लागले. तेव्हा तो येईल त्याला सांगू लागला, मी मशीन बदलली म्हणून पोरीला नोकरी लागली.

मीही कदाचित तेच ठरवलं असतं. पण ठरवलं मी नव्हतं, आणि हे त्या घरात कुणाला समजावून सांगता आलं नाही.

मानोऱ्याला निघताना स्टँडवर त्याने मशीन उचलायला हात पुढे केला. मी ती स्वतः उचलून गाडीत चढवली.

"अजून राग गेला नाई काय?" त्याने खिडकीशी येऊन विचारलं.

मी मशीन पायांशी ओढून घेतली. राग गेला नव्हता.